सही करण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. न्यू जर्सीतील आपल्या एका कुटुंबाने नवे घर घेतले, त्यानिमित्त मलिदा होता. प्रार्थना आटोपली, पोह्यांची ताटे रिकामी झाली, पुरुषमंडळी अंगणात गेली, तेव्हा घरच्या सूनबाई एक कागद घेऊन आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाई, अक्षर फार बारीक आहे. सही कुठं करायची तेवढंच दाखवा."

कागद त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या शाळेतून आला होता. ऑगस्टात फुटबॉलचा सराव सुरू व्हावयाचा होता. डोक्याला होणाऱ्या दुखापतीविषयीची माहिती आपण वाचली व समजून घेतली, असे मुलाने आणि पालकांनी त्यापूर्वी लिहून द्यावयाचे होते. सही कोठे करावयाची हे दाखविणे सोपे होते. पण असा कागद शाळेला का पाठवावा लागतो हे न सांगता बोट ठेवून मोकळे होणे आम्हांस जमेना. बोलता बोलता सूनबाईंनी आणखी एक तक्रार सांगितली. मुलाचे गेल्या ऑक्टोबरपासून अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड वाढली आहे, खोलीचे पडदे ओढून बसतो. दोष अर्थातच फोनला दिला गेला होता. आम्ही चार दिवसांनी पुन्हा येण्याचे कबूल केले आणि तो कागद बरोबर नेला. त्या चार दिवसांत जे वाचले व पुढे त्या घरी जे सांगितले, तेच येथे लिहीत आहोत. आपल्यापैकी पुष्कळ घरी हा कागद येतो, आणि पुष्कळ घरी तो न वाचताच परत जातो.

प्रथम एक खुलासा. येथील फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू हाती धरून धावणे आणि धावणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्यास पाडणे, हा या खेळाचा गाभा. (शाळांचे सामने बहुधा शुक्रवारी रात्री असतात, त्यावरून आपल्या घरांत होणारा तंटा वेगळाच. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

वॉशिंग्टन राज्यात मेपल व्हॅली नावाचे गाव आहे. तेथील झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा २००६ सालच्या ऑक्टोबरात शाळेच्या संघातून खेळत होता. मध्यंतरापूर्वी प्रतिस्पर्ध्यास पाडताना त्याचे डोके जमिनीवर आदळले. दोन्ही हातांनी शिरस्त्राण धरून तो पडून राहिला. त्यास बाहेर बसविण्यात आले, परंतु मध्यंतरानंतर तो पुन्हा मैदानात उतरला. कोणी बळजबरी केली नव्हती. त्याला खेळावयाचे होते आणि त्यास थांबविण्याइतके ज्ञान तेथे कोणापाशीच नव्हते. सामना संपल्यावर तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याला हवाईमार्गे सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात नेले. सुजलेल्या मेंदूस जागा मिळावी म्हणून कवटीचे भाग काढावे लागले. मुलगा वाचला, पण पहिला शब्द त्याच्या तोंडून निघण्यास नऊ महिने लागले, आणि आधाराने उभे राहण्यास सुमारे तीन वर्षे.

त्याच्या आईवडिलांनी व डॉक्टरांनी खटपट करून १४ मे २००९ रोजी त्या राज्यात कायदा करवून घेतला. डोक्यास आघात झाल्याचा नुसता संशय आला तरी मुलास तत्क्षणी बाहेर काढावे, जाणकार वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीवाचून त्यास परत खेळवू नये, आणि दरवर्षी मुलास व पालकांस माहिती देऊन त्यांची सही घ्यावी, असा त्या कायद्याचा आशय आहे. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या स्वरूपाचे कायदे झाले. सूनबाईंच्या हातातील कागदाची कुळकथा ती ही.

डोक्यावरच्या आघातांनी मेंदू बिघडतो हे वैद्यकास त्यापूर्वी ठाऊक नव्हते, असे मात्र नव्हे. आपल्या शेजारच्याच न्यूआर्क शहरात हॅरिसन मार्टलँड नावाचे शवचिकित्सक होते. मुष्टियोद्ध्यांची पुढे जी झिंगल्यासारखी अवस्था होते, तिच्यावर त्यांनी १९२८ सालीच निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी मुष्टियुद्धाच्या रिंगणात यहुदी स्थलांतरितांची मुले बरीच होती. गरीब वस्तीतून बाहेर पडण्याचा तो एक मार्ग होता. १९१७ ते १९२५ या काळात हलक्या वजनगटाचा जगज्जेता असलेला बेनी लेनर्ड हा न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा. अजिंक्य असतानाच आईच्या शब्दाखातर त्याने हातमोजे उतरविले. १९२९ च्या मंदीत पैसा बुडाला आणि त्यास पुन्हा रिंगणात यावे लागले, हा पुढचा दुःखद भाग. तरी आईला जे कळले ते त्या काळच्या पंचांना व पैजा लावणाऱ्यांना कळत नव्हते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

मुष्टियोद्ध्यांविषयी जे माहीत झाले ते फुटबॉलपटूंना लागू करण्यास आणखी पाऊणशे वर्षे गेली. पिट्सबर्गच्या संघातील माइक वेब्स्टर हा अत्यंत लोकप्रिय खेळाडू. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, संसार मोडला, कित्येक रात्री तो आपल्या गाडीत झोपे. २००२ च्या सप्टेंबरात वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो मरण पावला. शवचिकित्सा करणारे डॉ. बेनेट ओमालू हे मूळचे नायजेरियाचे, आपल्यासारखेच बाहेरून आलेले. मेंदू वरून साधारण दिसत असताही त्यांनी त्याचे पातळ काप करवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या त्यांस आढळल्या. २००५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या समितीतील डॉक्टरांनी तो निबंध मागे घेण्याची मागणी केली. निबंध मागे घेतला गेला नाही.

पुढे बोस्टन विद्यापीठात डॉ. अ‍ॅन मॅकी यांनी मृत खेळाडूंचे मेंदू तपासण्याचे काम हाती घेतले. त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२ फुटबॉलपटूंपैकी १७७ जणांत हा विकार होता. त्यांतील व्यावसायिक संघटनेत खेळलेल्या १११ पैकी ११० जणांत तो सापडला. आकडा वाचून छातीत धस्स होते. तथापि आम्ही वर्गात मुलांस आकडा नीट वाचण्यास शिकवितो, तेव्हा येथेही शिकविले पाहिजे. हे मेंदू कुटुंबीयांनी दान दिलेले होते, आणि ज्यांच्या घरी काही बिघडल्याची शंका होती अशीच कुटुंबे बहुधा पुढे आली. म्हणून शंभरातील नव्याण्णव खेळाडूंस हा रोग होतो, असा याचा अर्थ नव्हे. शाळेत दोन वर्षे खेळलेल्या मुलाने घाबरून जाण्याचेही कारण नाही. मात्र जितकी वर्षे व जितके धक्के अधिक तितका धोका अधिक, आणि त्यात लहानसहान धक्केही जमेस धरले जातात, हे आता पक्के आहे.

पालकांच्या दृष्टीने याहून उपयोगी एक छोटा अभ्यास आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, मेंदूस हादरा बसताच ज्यांना मैदानाबाहेर काढले ती मुले सरासरी २२ दिवसांत बरी झाली. जी तशीच खेळत राहिली त्यांना ४४ दिवस लागले. पंधरावीस मिनिटांच्या हट्टासाठी तीन आठवडे! आणखी एक गोष्ट. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याचा जुना उपचार आता मागे पडला आहे. एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालणे, हलका व्यायाम, थोडा अभ्यास, असे क्रमाने वाढविल्यास मुले लवकर सुधारतात.

येथपर्यंत ऐकून सूनबाईंचे यजमान म्हणाले, "डोक्याचं समजलं. पण तुम्ही उन्हाचंही काही म्हणत होता. आम्ही मे महिन्यात रेवदंड्याला दिवसभर उन्हात खेळायचो, आम्हांला काय झालं?"

हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात निघतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. रेवदंड्याच्या मुलाचे ऊन त्याच्या अंगवळणी पडलेले असते. दम लागला की तो आंब्याखाली बसतो आणि त्यास उठविणारा कोणी नसतो. व्यायामातून होणारा उष्माघात हा केवळ आभाळातून येत नाही, तो स्नायूंतून येतो. जोराने धावणाऱ्या शरीरात उष्णता निर्माण होते, ती घामावाटे बाहेर पडावी लागते. अंगावर जाड कवच, डोक्यावर शिरस्त्राण, दमट हवा, सगळी सुट्टी थंडगार खोलीत काढलेली, आणि पुढे शिट्टी वाजविणारा गुरू, अशा स्थितीत ती बाहेर पडत नाही. उन्हाची सवय होण्यास शरीरास दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणूनच सरावाच्या पहिल्या आठवड्यात प्रथम नुसते शिरस्त्राण, मग खांद्यांचे कवच आणि शेवटी पूर्ण पोशाख, असा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे. पाणी हवे तेव्हा द्यावे हेही आलेच. १९५४ साली टेक्सासातील जंक्शन गावी एका विद्यापीठाच्या संघाचे शिबिर भर दुष्काळात झाले. त्यात मुलांस पाणी न देणे हा त्यांना कणखर करण्याचा उपाय समजला गेला होता, आणि एक मुलगा उष्माघाताने मरता मरता वाचला. पळताना पाणी प्यायल्यास पोटात कळ येते, असे आपल्या लहानपणी कवायतीचे सर सांगत. त्यामागील समजूत फारशी वेगळी नव्हती.

सरांनाच दोष का द्यावा? आम्ही स्वतः काय केले ते सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईतील एका शाळेत संचलनाची तालीम आमच्याकडे होती. ऑक्टोबरचे ऊन होते. सातवीतील एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाई, चक्कर येतेय." दोन फेऱ्या राहिल्या होत्या, मुख्याध्यापक गच्चीतून पाहत होते. आम्ही म्हणालो, "नाटक पुरे, रांगेत जा." दुसऱ्या फेरीत ती पडली. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात प्रथमोपचाराचा धडा आम्ही पाठ केलेला होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळविले होते. त्या क्षणी त्यातील काही आठवले नाही. शिपाईमामांनी तिला उचलून व्हरांड्यात नेले, अंगावर पाण्याची बादली ओतली, आणि तासाभराने ती सावरली. दुसऱ्या दिवशी वर्ग भरण्यापूर्वी येऊन तिने आमची क्षमा मागितली. संचलन बिघडविल्याबद्दल.

शिपाईमामांनी जे केले ते शास्त्रशुद्ध होते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी समजले. त्यामागे एक मोठी हकीगत आहे. मिनेसोटाच्या व्यावसायिक संघातील कोरी स्ट्रिंगर हा सत्तावीस वर्षांचा धिप्पाड खेळाडू ३१ जुलै २००१ रोजी सरावात कोसळला. आदल्या दिवशीही त्याला त्रास झाला होता. रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याचे तापमान १०८.८ अंश फॅरनहाइट होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्याच्या पत्नीच्या पुढाकाराने २०१० साली कनेक्टिकट विद्यापीठात त्याच्या नावाची संशोधनसंस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. डग्लस कासा. ते सोळा वर्षांचे असताना, १९८५ च्या ऑगस्टात, बफेलो येथे दहा किलोमीटरच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत उष्माघाताने पडले होते. मैदानावर हजर असलेल्या प्रशिक्षित सेवकाने लक्षण ओळखून त्यांना गार केले, म्हणून ते वाचले.

या मंडळींचे सांगणे एका वाक्यात येते: आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या. १०५ अंशांच्या आसपास पोहोचलेले शरीर अर्ध्या तासात खाली आणले पाहिजे. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात तोच अर्धा तास जातो. उपाय म्हणजे बर्फाच्या पाण्याने भरलेले टब. त्यात मुलास गळ्यापर्यंत बुडवून, डोके वर धरून, पाणी हलवीत राहावयाचे. मॅसॅच्युसेट्समधील फॅलमथ गावी दर ऑगस्टात सात मैलांची शर्यत होते. तेथील अठरा वर्षांच्या नोंदींत उष्माघाताचे २७४ रोगी आढळतात. त्यांस अशा टबांत उतरविण्यात आले, आणि त्यांतील एकही दगावला नाही. टब, पाणी, बर्फ. आपल्या लग्नघरी सरबताच्या बाटल्या थंड करण्यास याहून अधिक सामग्री लागते.

असे असूनही २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा मुलगा धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला. लक्षणे दिसू लागल्यापासून रुग्णवाहिका बोलाविण्यास तासाहून अधिक वेळ गेला. त्यास थंड पाण्यात उतरविलेच नाही. पंधरा दिवसांनी तो वारला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर व नैतिक जबाबदारी उघडपणे स्वीकारली. अज्ञानाची सबब येथे चालण्यासारखी नव्हती. टबाची माहिती सर्व देशास झाली होती.

आता मनाकडे वळतो. १९९६ साली अ‍ॅटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रग या अठरा वर्षांच्या यहुदी मुलीचा घोटा पहिल्या उडीत दुखावला. लंगडत जाऊन तिने दुसरी उडी मारली, एका पायावर तोल सावरला आणि मग खाली बसली. प्रशिक्षकाने तिला उचलून पदक घेण्यास नेले, ते चित्र जगभर गाजले. आम्हीही ते दूरदर्शनवर पाहून डोळे पुसले होते. नंतर गुणांची बेरीज केली तेव्हा दिसले, की दुसऱ्या उडीवाचूनही सुवर्णपदक अमेरिकेचेच होते. तिच्या घोट्याचे अस्थिबंध मात्र फाटले आणि पुढील वैयक्तिक स्पर्धा तिला सोडाव्या लागल्या.

पंचवीस वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, टोकियो येथे सिमोन बाइल्सने एक उडी घेतली आणि हवेत असताना तिला आपल्या शरीराचा अंदाज लागेना. अडीच गिरक्यांऐवजी दीडच झाली. ती बाजूला झाली आणि आपले मन ठिकाणावर नाही, असे तिने सर्वांसमक्ष सांगितले. तिच्यावर टीका पुष्कळ झाली. पण त्या खेळात हवेतला अंदाज चुकणे म्हणजे मानेवर पडणे, हे जाणकार ओळखून होते. २०२४ साली पॅरिसमध्ये ती तीन सुवर्ण व एक रौप्य पदक घेऊन गेली.

या दोन प्रसंगांच्या मध्ये जे घडले ते लिहिणे जड जाते, परंतु लपविणे अधिक वाईट. २०१२ साली लंडनला हावा नागिलाच्या सुरांवर सुवर्णपदक मिळविणारी अ‍ॅली रेझमन आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. तिच्यासह शेकडो मुलींवर त्यांच्या संघाच्या डॉक्टरानेच उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे अत्याचार केले होते. २०१८ च्या जानेवारीत मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक स्त्रिया एकामागून एक उभ्या राहून बोलल्या, रेझमनही बोलली. सिमोन बाइल्स ही त्याच अत्याचारास बळी पडलेली. या मुलींतील काहींनी आधी मोठ्यांस सांगून पाहिले होते. मोठ्यांनी ऐकले नाही, किंवा ऐकून संस्थेचे नाव सांभाळले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय कायदा झाला, आणि राष्ट्रीय क्रीडासंघटनांतील प्रौढांस असा संशय आल्यास चोवीस तासांत कळविणे बंधनकारक ठरले.

आपल्याकडील पालक मुलास फुटबॉलास पाठवोत वा न पाठवोत, टेनिस अथवा पोहण्याचे वर्ग बारमाही लावतातच. त्यांच्यासाठी डॉ. नीरू जयंती यांचे काम सांगितले पाहिजे. शिकागोकडील सुमारे बाराशे मुलांच्या पाहणीवरून त्यांनी साधा ठोकताळा दिला: मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्यास शिस्तबद्ध खेळ नको. दहा वर्षांच्या मुलीस दहा तास पुरेत. एकच खेळ बारा महिने खेळविण्यातही इजा अधिक.

हे सर्व सांगत असताना मुलगा जिन्यावर बसून ऐकत होता. मराठी त्यास समजते, बोलता येत नाही. झॅकरी लिस्टेडची हकीगत त्याच्या आईने पुन्हा एकदा, या वेळी त्याच्याकडे पाहत, सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग इंग्रजीत म्हणाला, की गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका सामन्यात त्याचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळले होते. काही क्षण सारे पांढरे दिसले. नंतर पंधरा दिवस डोके दुखत होते, उजेड सहन होत नव्हता. कोणास सांगितले नाही, कारण पुढच्या सामन्यास बाबा रजा घेऊन येणार होते.

यजमान उठून खिडकीपाशी गेले.

सही त्या रात्री झाली नाही. सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम डॉक्टरांची वेळ घेतली. मग शाळेत जाऊन प्रशिक्षकांना, मोडक्यातोडक्या इंग्रजीत पण न लाजता, विचारले की तुमचा टब कोठे आहे. टब होता, शेडच्या मागे, उपडा. त्याखाली जुने चेंडू ठेवले होते. सरावाच्या पहिल्या दिवशी तो पाण्याने भरून मैदानाकडेला ठेवलेला आम्ही स्वतः पाहिला. मुलगा त्या दिवशी खेळत नव्हता. डॉक्टरांची लेखी परवानगी यावयाची होती, तोवर तो बर्फाच्या पिशव्या वाहत होता.